वरचं फाटक कोणी लावलं

मॅक्रेंच्या रानात पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी एक नियम मिळायचा. फाटक जसं सापडलं तसंच मागे ठेवायचं. उघडं होतं तर उघडं, लावलेलं होतं तर लावलेलं. हा नियम काही एफी मॅक्रेने शोधून काढला नव्हता, डोंगरातल्या सगळ्याच मेंढीवाल्यांचा तो होता. पण अडतीस वर्षांत तिने तो इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवला होता, की खोऱ्यात तो तिच्याच नावावर जमा झाला होता. लोकर कातरायला येणारे गडी, पाद्रीबाबा, जनावरांचा डॉक्टर, कोणी सुटलं नव्हतं. नदीपलीकडच्या डूगल पेट्रीने आठ वर्षांचा असताना एकदा फाटक उघडं टाकलं, तेव्हा तिने त्याला दोन मैल परत चालवत नेऊन ते लावून घेतलं होतं. डूगल आता चाळिशीला आला, स्वतःच्या चार हजार मेंढ्यांचा मालक झाला, तरी एफीकाकू समोर दिसली की तो आधी मागे वळून बघायचा, आपण काही उघडं टाकून आलो नाही ना म्हणून.

अशा बाईच्या घरात गेल्या वर्षी सून आली. हुइया. उत्तरेकडच्या ऊबदार समुद्रकाठची, कोळ्यांच्या घरातली माओरी मुलगी. एफीच्या एकुलत्या एका रोरीला ती कुठल्याशा लग्नात भेटली आणि त्याने परत येऊन आईला सांगितलं, "आई, मी ठरवलंय." हुइया मोठ्याने हसायची, भांडी घासताना गायची, आणि मेंढ्यांशी माणसांसारखं बोलायची. एफीला सून वाईट वाटत नव्हती. नवी वाटत होती. आणि नवं माणूस म्हटलं की ते आज ना उद्या काहीतरी उघडं टाकणार, याबद्दल एफीच्या मनात शंका नव्हती. वर्षभर ती त्या दिवसाची वाट बघत होती म्हणा ना.

तो दिवस ऑगस्टच्या शेवटी, एका गुरुवारी, आला असं तिला वाटलं.

पृथ्वीच्या या दक्षिण टोकाला ऑगस्ट म्हणजे हिवाळ्याचा शेवट, थंडी सरल्यात जमा होती. आठ-दहा दिवस वायव्येचा गरम वारा सुटला होता, बर्फ मागे सरकून कड्यांवर गेलं होतं आणि वरच्या उतारावर गवताची टोकं दिसू लागली होती. तीनशे गाभण मेंढ्या त्या उतारावर चरत होत्या. कोकरं व्हायला तीन आठवडे होते. वर्षाचं सगळं त्या तीनशे पोटांत होतं. एफी दुपारी गाडी घेऊन वरच्या झोपडीत गेली होती, तिथलं मोठं लोखंडी पातेलं आणायला. जाताना ती नदीकडच्या रस्त्याने गेली होती, चारच्या सुमाराला उताराच्या कुंपणावरून परत येताना बघते तर तिथलं वरचं फाटक सताड उघडं.

"ही हुइयाच!" एफी गाडीत एकटीच मोठ्याने म्हणाली.

हुइया बुधवारी घोड्यावरून मेंढ्या बघायला वर गेली होती. दुसरं कोण असणार? एफी खाली उतरली. तिने फाटक ओढलं, साखळी आकड्यात घातली, एकदा हलवून बघितलं आणि हात झटकले. उघडं सापडलेलं फाटक उघडंच ठेवायचं, हा तिचाच नियम. पण तो चूक न करणाऱ्यांसाठी असतो, असं काहीतरी तिने त्या वेळी मनाशी म्हटलं असावं. खाली येईपर्यंत तिने सुनेला ऐकवायचं भाषण तयार केलं. भाषण फार सुरेख जमलं होतं. त्यात तीन ठिकाणी थांबायचं होतं, एक उसासा होता, आणि शेवटी "जाऊ दे, शिकशील हळूहळू" असं मोठ्या मनाचं वाक्य होतं. उपाशीपोटी बोललेलं माणसाला लागतं पण पचत नाही, म्हणून तिने ते रात्रीच्या जेवणानंतरसाठी राखून ठेवलं.

संध्याकाळी वारा फिरला. तिचा नवरा हेक्टर भिंतीवरच्या बॅरोमीटरवर बोटाने टकटक करत उभा राहिला. सहासष्ट वर्षांचा हा माणूस घाई म्हणून करत नसे, पण त्या दिवशी त्याने तीनदा टकटक केली.

"काटा विहिरीत पडल्यासारखा पडलाय," तो म्हणाला. "दक्षिणेकडून येतंय. मोठं येतंय."

"येऊ दे की," रोरी मटण कापत म्हणाला. "दक्षिणेला ढग दिसले म्हणून मी दुपारी जेवल्याबरोबर वर जाऊन फाटक उघडून आलोय. वारा बोचायला लागला की त्या आपणहून खाली उतरतील. उद्या सकाळी ओढ्याकाठच्या कुरणात उभ्या राहून आपल्याच नावाने ओरडत असतील."

"शहाणा रे माझा," हेक्टर म्हणाला.

एफीला ठसका लागला. हुइयाने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. एफी तो न घेताच उठली, दाराशी गेली आणि दार उघडलं. बाहेर काही नव्हतंच. अंगण नाही, कुंपण नाही, गाडी नाही. फक्त पांढरं आणि आवाज. वाऱ्याबरोबर ओंजळभर बर्फ स्वयंपाकघरात आलं.

"कोण आलंय गं?" हेक्टरने विचारलं.

"कोणी नाही," एफी म्हणाली आणि दार लावलं.

आता इथे एफीची बाजू सांगायला हवी. तिने तेव्हाच सांगितलं असतं तर रोरी त्याच क्षणी कोट चढवून बाहेर पडला असता. तिला आपला मुलगा माहीत होता. आणि अशा वाऱ्यात बाहेर पडलेला माणूस अंगणातसुद्धा हरवतो. म्हणून ती गप्प बसली, हे खरं. पण ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं, म्हणजे आपली चूक कबूल करायची लाज, तिला अंथरुणात पडल्यावर कळलं, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

शुक्रवारी दिवसभर वादळ चाललं. घरात मात्र, देवाची शपथ, सणासारखं होतं. चूल लाल झाली होती. जव घातलेलं मटणाचं सूप मंद रटरटत होतं. विजेच्या तारा पहाटेच तुटल्या होत्या, त्यामुळे सगळे दिव्याभोवती, चुलीभोवती गोळा झालेले. रोरीने घोड्याचं खोगीर शिवायला घेतलं. हेक्टर पाइप ओढत खुर्चीत बसला आणि मागच्या सगळ्या वादळांची नावं घेऊ लागला, जशी काही ती त्याची चुलत भावंडं होती. हुइयाने आयुष्यात एवढं बर्फ पाहिलं नव्हतं. तिने खिडकीतून हात काढून वाटीभर बर्फ आत घेतलं, त्यावर गोड काकवी ओतली आणि चमच्याने खाल्लं.

"घशाला त्रास होईल," एफी म्हणाली.

"होऊ दे आई. आमच्याकडे हे विकत मिळतं."

हेक्टरलाही तिने वाटी दिली. त्यालाही आवडलं. सत्तरीकडे झुकलेला माणूस, पाइप बाजूला ठेवून बर्फ खातोय! दुसरा कुठला दिवस असता तर एफी हसली असती. तिला स्वतःचं घर असं भरलेलं, गरम, खिदळणारं बघायला फार आवडायचं. त्यासाठीच तर ती जगत आली होती. पण त्या दिवशी प्रत्येक झोताबरोबर तिला वरचं कुंपण दिसत होतं. मेंढ्या वाऱ्याला पाठ करून खाली आल्या असतील. फाटकाशी आल्या असतील. आणि तिथेच थांबल्या असतील, एकमेकींना बिलगून, वरून बर्फ चढत जाताना.

"तू काही खात नाहीस, एफी," हेक्टर म्हणाला. "स्कोनपाव तुझे, लोणी तुझं, आणि उपासही तुझाच?"

"पोट भरलंय माझं."

"कशाने?"

एफीने चुलीत उगाचच एक लाकूड सारलं. हुइयाने मात्र तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

दुपारी गाईची धार काढायला जायचं होतं. स्वयंपाकघराच्या दारापासून गोठ्यापर्यंत दोर बांधलेला होता. तो धरून सासू-सून निघाल्या. चाळीस पावलं, पण गोठ्यात पोचेपर्यंत दोघींच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. हुइया हसत सुटली. "आई, तुम्ही एकदम म्हाताऱ्या दिसताय!"

"आहेच मी म्हातारी." एफी गाईच्या पोटाशी बसली. चार धारा काढल्या आणि मग, जणू काही सहज, विचारलं, "बुधवारी तू वर गेली होतीस ना? वरचं फाटक कसं होतं?"

"लावलेलं."

"आणि येताना?"

"लावलं की." हुइयाच्या आवाजात नवल होतं. "लावलेलं सापडलं, लावलेलं ठेवलं. तुम्हीच तर शिकवलंत. मी दोनदा उतरून बघून आले, साखळी नीट बसली का. म्हटलं, फाटकावरून आईंच्या तोंडी लागणं नको."

एफीच्या हातून धार बादलीच्या बाहेर गेली. म्हणजे ही पोर चुकली तर नव्हतीच, उलट दोनदा उतरली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. एफीला आपली लाज वाटली, अगदी कानशिलं गरम होईपर्यंत. ती गाईकडे बघत म्हणाली, "हुइया, ते फाटक गुरुवारी मी लावलं. रोरीने उघडून ठेवलेलं मी लावलं. मला वाटलं तू उघडं टाकलंयस."

गाईच्या पाठीवर फिरणारा हुइयाचा हात थांबला.

"अगं बाई!" हुइया म्हणाली. मग हळूच, "म्हणजे त्या वरच आहेत."

"वरच आहेत."

"आणि हे दोघं वादळ थांबलं की ओढ्याकाठी खणायला जाणार."

"हो."

हुइया दुधाची बादली उचलून उभी राहिली. एफीला वाटलं, आता बोलेल. वर्षभराचं सगळं व्याजासकट परत करेल, आणि तिचा तो हक्कच होता. हुइया म्हणाली, "चला. हातपाय गोठतायत. चहाबरोबर सांगून टाका, म्हणजे गिळायला सोपं जाईल."

चहाबरोबर काही जमलं नाही. रात्रीही जमलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि अडतीस वर्षं झाकलेली मूठ उघडायला बोटं वळत नाहीत. शनिवारी सकाळी वारा पडू लागला. रोरीने जेवणाच्या टेबलावर खडूने ओढा काढला, कुरण काढलं आणि कुठून बर्फ तुडवायला सुरुवात करायची त्याच्या खुणा करू लागला. खालच्या वळणाशी एक, विलोच्या झाडांशी दुसरी. सगळं चुकीच्या जागी. एफी बघत राहिली, आणि मग तिने हातातल्या फडक्याने तो ओढा, ती झाडं, सगळं एका फटक्यात पुसून टाकलं.

"आई! अगं काय करतेस?"

"तिथे नाहीत त्या. मी फाटक लावून आले गुरुवारी."

रोरीचा चेहरा पांढराफटक पडला. तो ओरडला असता तर एफीला बरं वाटलं असतं. हेक्टरने पाइप तोंडातून काढला, त्याच्या टोकाकडे बघितलं.

"तू?" तो म्हणाला.

"मी."

"फाटक?"

"हो रे बाबा, फाटक! किती वेळा वदवून घेशील?"

"अडतीस वर्षं वाट बघतोय मी," हेक्टर म्हणाला, "तुझ्या हातून काहीतरी चुकण्याची. आणि झालं तेही नेमकं असल्या वेळी. मला धड खूशही होता येत नाही." मग तो उठला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं केलंस सांगितलंस. ओढ्याकाठी आम्ही दोन दिवस खणत बसलो असतो. रोरी, फावडी काढ. उद्या उजाडल्याबरोबर वर."

एफीचा जीव अर्धा तरी भांड्यात पडला. उरलेला अर्धा वर, कुंपणाशी होता.

रविवारी आभाळ धुतल्यासारखं निळं झालं. कमरेइतकं बर्फ, आणि त्यावर डोळे दिपवणारं ऊन. नाश्ता होतो न होतो तोच नदीकडून डूगल पेट्री आला, दोन गडी आणि दोन घोडे घेऊन. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. बर्फ पडलं की ज्याच्या गाभण मेंढ्या वर अडकल्या असतील त्याच्याकडे आधी जायचं, ही खोऱ्याची रीत. आपलं मागाहून बघायचं.

बर्फातून मेंढ्या काढायच्या म्हणजे काही त्यांना उचलून आणायचं नसतं. त्यांच्यासाठी वाट तुडवायची असते. आधी घोडे, त्यांच्यामागे एकामागे एक माणसं, पाय आपटत, बर्फ दाबत. पुढच्याचा दम गेला की तो मागे जातो, दुसरा पुढे येतो. मेंढी एकदा का तुडवलेल्या वाटेला लागली की मग बाकीच्या तिच्या शेपटीमागे येतात. मैलभराच्या वाटेला अर्धा दिवस लागला. एफीला सगळ्यांनी घरी थांबायला सांगितलं, तिने कोणाचं ऐकलं नाही. तिची पाळी आली तेव्हा ती पुढे झाली आणि दोनशे पावलं मोजून तुडवली, घामाने डोळे चुरचुरेपर्यंत.

दुपारी ते फाटकाशी पोचले. फाटकाची फक्त वरची दांडी बर्फाच्या वर दिसत होती, आणि आकड्यात नीट बसलेली साखळी. डूगल दांडीकडे बघतच राहिला.

"हे लावलेलं कसं? रोरी, वादळाआधी तू तर उघडून ठेवतोस ना?"

रोरी खोकला. एफीने तोंड उघडलं. घरच्यांपुढे बोलणं वेगळं होतं. इथे डूगल होता, त्याचे गडी होते, आणि डूगलला कळलं की परवापर्यंत सगळ्या खोऱ्याला कळणार. अडतीस वर्षं तिच्या जिभेवर चढली आणि तिथेच बसली. तेवढ्यात मागून आवाज आला.

"माझ्याकडून झालं," हुइया म्हणाली. "मी लावलं."

"तरीच," डूगल म्हणाला. त्याला जराही नवल वाटलं नाही. एफीने झटकन सुनेकडे बघितलं. हुइयाने फक्त खांदे उडवले. मग तिच्या जवळून जाताना हळूच म्हणाली, "राहू द्या. चुका माझ्या नावावर लोक तसंही धरूनच चालतात. आणखी एकीने काय फरक पडतो?"

एफीने "नाही" म्हणायला हवं होतं. तिने म्हटलं नाही. ती फावडं घेऊन कुंपणाच्या कडेला गेली आणि खणायला लागली, आणि खणता खणता तिला डूगलचं भाषण ऐकू येत होतं. फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं असतं, मुली. फाटक म्हणजे मेंढपाळाचा शब्द असतो. शब्दन् शब्द तिचा होता. त्या दोन मैलांच्या वाटेवर तिनेच ते त्याला पाठ करवलं होतं. मुलगी बिचारी "हो, हो" करत ऐकून घेत होती.

"इकडे या!" रोरी ओरडला. "मॉस उकरतोय!"

म्हातारा मॉस कुत्रा कुंपणाच्या कोपऱ्यात बर्फाच्या ढिगाऱ्यावर चढून पंजांनी उकरत होता. ढिगाऱ्यावर बोटाएवढी भोकं होती, कडा पिवळसर पडलेल्या, आणि त्यांतून वाफ येत होती. श्वास! सगळे एकदम धावले. फावड्यांनी, हातांनी, टोप्यांनी बर्फ उपसायला लागले. आतून आधी एक काळं नाक दिसलं, मग दोन वैतागलेले डोळे, मग आवाज: "ब्यॅऽऽ!"

"हो गं बाई, हो, आलो," हुइया तिला म्हणाली. "तुला काय, आत बसून राहायचं होतं."

एकीच्या मागे दुसरी, दुसरीच्या मागे पाच. बर्फाखाली त्यांनी श्वासाने गुहाच केली होती आणि भुकेने एकमेकींची लोकर कुरतडली होती. चारपर्यंत सगळा कळप बाहेर आला. नऊ मेल्या होत्या. एफी त्या नऊ जणींजवळ जाऊन उभी राहिली, वाकून एकेकीच्या कपाळाला हात लावला. त्या तिच्या होत्या, आणि हे ती कधी विसरणार नव्हती. पण दोनशे एक्याण्णव जिवंत होत्या, धडपडत, शिंकत, पोटं सांभाळत उभ्या होत्या. हेक्टरने टोपी काढून आभाळाकडे बघितलं. रोरी बर्फातच बसून हसत होता की रडत होता, कळत नव्हतं. एफीला तर दोन्ही एकदम येत होतं.

खाली निघाले तेव्हा रांग अशी होती. सगळ्यांत पुढे काखेत गवताचा भारा घेऊन एफी, मेंढ्यांना वास लागावा म्हणून. तिच्यामागे हुइया, मग डूगल, मग एकीमागे एक मेंढ्या, आणि अगदी शेवटी हेक्टर, रोरी, गडी, घोडे आणि कुत्रा. दोन्ही बाजूंनी बर्फाच्या कमरेएवढ्या भिंती, आणि मधून एका माणसापुरती वाट.

डूगल खुशीत होता. दुसऱ्याच्या मेंढ्या वाचवल्यावर माणसाला येतो तसा त्याला उदारपणा आला होता.

"हुइया, मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. "होतं असं नवीन माणसाचं. जाऊ दे, शिकशील हळूहळू. अगं, सासू कोण मिळाली आहे तुला! अडतीस वर्षांत या बाईच्या हातून एक फाटक चुकलं नाही."

एफी थांबली. हुइया तिच्यावर आदळली, डूगल हुइयावर, आणि पहिली मेंढी डूगलवर.

"डूगल," एफी वळून म्हणाली, "ते फाटक मी लावलं."

डूगलने तिच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा हळूहळू इतका मऊ झाला की बघवेना.

"काकू," तो म्हणाला, "सुनेसाठी एवढं?"

"सुनेसाठी कशाला? मी लावलं! गुरुवारी चार वाजता. या हातांनी."

"हो, हो. तुम्हीच लावलंत." डूगल हुइयाकडे वळला. "बघितलंस? याला म्हणतात मन. माझ्या आईने माझ्या बायकोसाठी कधी एवढं केलं नाही."

हुइयाने ओठ दाबून धरले, पण खांदे हलायला लागले. मग ती फुटलीच. हसता हसता बर्फाच्या भिंतीवर कोसळली. "आता काय करायचं, आई? तुमची चूकसुद्धा कोणी तुम्हाला देईना!"

एफीला हसू येत नव्हतं. आयुष्यभर जपलेलं नाव त्या क्षणी तिला दगडासारखं जड झालं होतं. दुपारी ते वाचवायला ती गप्प बसली होती, आणि आता ते काही केल्या उतरत नव्हतं. हा माणूस खाली जाणार, सगळ्यांना सांगणार, की मॅक्रेंच्या सुनेने फाटक लावलं आणि सासूने किती मोठ्या मनाने स्वतःवर घेतलं. मुलीची चूक दुप्पट आणि आपला मोठेपणा चौपट. तिला ते सहन होईना.

तिने गवताचा भारा खाली ठेवला आणि त्यावर बसली.

"तुला पटेपर्यंत मी इथून हलत नाही," ती म्हणाली.

"काकू, मेंढ्या!"

"उभ्या राहतील. तीन दिवस उभ्या होत्या."

मागे रांग एकमेकींवर चढू लागली. ब्यॅ ब्यॅ सुरू झालं. अगदी लांबून, रांगेच्या शेपटाकडून, हेक्टरचा आवाज आला. "काय झालंय पुढे? का थांबलात?"

"काका!" डूगल ओरडला. "काकू म्हणतायत, फाटक त्यांनी लावलं!"

"मग तिनेच लावलंय!" हेक्टर ओरडला. "तिने सांगितलंय म्हणजे तसंच आहे! ती खोटं बोलते का कधी?"

डूगलचं हसू गेलं. त्याने एफीकडे बघितलं, मग हुइयाकडे, मग पुन्हा एफीकडे. दुपारभर आपण कोणाला काय काय ऐकवलं, ते त्याच्या चेहऱ्यावर एकेक करून उमटत गेलं.

"म्हण," एफी म्हणाली.

"काय म्हणू?"

"तुला माहीत आहे काय ते."

डूगलने टोपी काढली. पुटपुटल्यासारखा म्हणाला, "तुम्ही चुकलात, काकू."

"मोठ्याने. मागच्यांना ऐकू आलं नाही."

"तुम्ही चुकलात, काकू!" डोंगरावर दोनदा घुमलं.

"हं. आणि आता हिच्याशी बोल."

डूगल हुइयाकडे वळला. हे त्याला जास्त अवघड गेलं. "माझं चुकलं," तो म्हणाला. "तू हो म्हणालीस आणि मी लगेच खरं धरलं. माझ्या घरची पोर असती तर दहा वेळा विचारलं असतं."

हुइयाचं हसणं थांबलं. "तेच तर," ती हळू म्हणाली. आणि कोटावरचं बर्फ झटकत, "ठीक आहे."

"मी पण धरलं होतं," एफी सुनेला म्हणाली. "विचारलंसुद्धा नाही. माझं याच्यापेक्षा जास्त चुकलं." आणि हे बोलायला तिला अजिबात जड गेलं नाही.

"एफी!" मागून हेक्टरची हाक आली. "अगं, आता तरी फाटक उघड! आमचे पाय गोठले!"

एफी उठली. वाट इतकी अरुंद की बाजूला व्हायला जागा नव्हती. तिने स्वतः बर्फाच्या भिंतीत पाठ रुतवली, भारा उचलून हुइयाच्या काखेत दिला आणि तिला पुढे घातलं. मेंढ्यांनी गवताचा वास घेतला. हुइया गुणगुणत खाली निघाली, आणि एफी तिच्या पावलांत पाय टाकत तिच्यामागे.